आधी चूल, मग शाळा : सातारच्या शाहू बोर्डिंगचा प्रकरण अभ्यास

शाळा नव्हत्या म्हणून खेड्यातली मुले शिकली नाहीत, हे नेहमीचे स्पष्टीकरण १९२४ सालच्या सातारा शहराला लागू पडत नाही. शहरात सरकारी हायस्कूल होते. याच शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले होते. न्यू इंग्लिश स्कूलही होते. वर्ग होते, फळे होते, मास्तर होते. मात्र माण, खटाव, पाटण, वाळवा अशा तालुक्यांतून गावची शाळा संपवून शहरात आलेल्या मुलापुढे पहिल्या संध्याकाळी जो प्रश्न उभा राहत असे, त्याचे उत्तर या शाळांकडे नव्हते. रात्री पाठ कुठे टेकायची आणि दोन वेळची भाकरी कुणाच्या चुलीवरची खायची, हा तो प्रश्न. फीचा प्रश्न त्याच्या मागून येई.

गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी आपल्या शहरांनी या प्रश्नाचे एक जुने उत्तर राखून ठेवले होते. माधुकरी मागता येत असे, किंवा सात घरी सात वार लावून आठवडा काढता येत असे. त्यात मिंधेपण होते, कधी अपमानही होता, हे खरे. तरीपण ती एक चालती व्यवस्था होती आणि तिच्या आधारावर कित्येक पिढ्या शिकून गेल्या. कुणबी, धनगर, रामोशी, मुसलमान मुलाला असे वार लावून देणारे घर शहरात मिळणे दुरापास्त होते, आणि महार किंवा मांग मुलाच्या बाबतीत तर जेवणाच्या आधी पाण्यावरच गाडे अडत होते. शहरात शाळा असूनही ती या मुलांसाठी नसल्यातच जमा होती, याचे कारण शाळेच्या भिंतीबाहेर होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात चालवलेले बोर्डिंग हे या एका अडचणीला दिलेले उत्तर म्हणून प्रस्तुत लेखात तपासले आहे. भाऊरावांवर लिहिताना लेखणी आपोआप आरतीकडे वळते, असा सातारकरांचा अनुभव आहे. दर २२ सप्टेंबरला शाळाशाळांतून होणाऱ्या भाषणांनी त्याला हातभारच लावला आहे. म्हणून येथे त्यांच्या थोरवीपेक्षा त्यांनी कोणती निवड केली, त्या निवडीचा खर्च किती होता आणि तो कोणी सोसला, इकडे अधिक लक्ष दिले आहे.

पार्श्वभूमी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातले. त्या काळी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि पुढे त्यालाच सांगली जिल्हा म्हणू लागले. त्यामुळे या प्रकरणाला सातारचे म्हणायचे की सांगलीचे, हा वाद निरर्थक आहे. मुले दोन्हीकडून येत होती.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले आणि तेथे जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही घटना त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. या घटनेकडे त्यांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक साधा आणि अधिक उपयोगी आहे: वसतिगृहातून बाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे या माणसाने विद्यार्थी असताना स्वतः अनुभवले होते. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, तरी ते मॅट्रिकपर्यंत पोचू शकले नाहीत. पुढे शेकडो शाळा काढणाऱ्या माणसाचे औपचारिक शिक्षण हे असे अर्ध्यावर सुटलेले होते.

त्यानंतर साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. ‘पाटील मास्तर’ ही त्यांची तेव्हाची ओळख. मग किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून त्यांनी काम केले. या नोकरीचा उल्लेख चरित्रांतून घाईने उरकला जातो, आणि मला ते चुकीचे वाटते. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी धास्ती घेतलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून, त्याच्या भाषेत त्याची समजूत काढून, खिशातून पैसे बाहेर काढायला लावणे हे काम ज्याने काही वर्षे केले, त्याला कोणत्या गावात कोण माणूस शब्दाचा पक्का आहे, कुठल्या घरात धान्य आहे आणि कुठल्या घरात हुशार पोर गुरांमागे फिरते आहे, याची माहिती आपसूक होते. पुढे बोर्डिंगसाठी मुले आणि धान्य याच वाटांनी आले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक चळवळीचे वातावरण त्यामागे होते. काले, नेर्ले, दुधगाव अशा ठिकाणी छोटी वसतिगृहे आधीपासून किंवा त्याच सुमारास निघाली, आणि १९२४ मध्ये भाऊरावांनी आपले केंद्र सातारा शहरात हलवले. नाव शिक्षण संस्थेचे, पण ही संस्था पुढची दहाएक वर्षे प्रामुख्याने वसतिगृहेच चालवत होती. मुले शिकायला शहरातल्या दुसऱ्यांच्या शाळांत जात आणि जेवायला-झोपायला बोर्डिंगात परत येत. या क्रमाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. शाळा काढणे हे दिसणारे काम असते. तिला इमारत असते, उद्घाटन असते, पाटी असते. खाणावळ चालवण्याला यातले काही नसते, आणि तिचे काम एक दिवसही चुकवता येत नाही.

निर्णय : किती चुली

साताऱ्यात बोर्डिंग काढायचे ठरल्यावर भाऊरावांसमोर एक यशस्वी नमुना तयार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशी निरनिराळ्या समाजांची निरनिराळी वसतिगृहे उभी करवली होती. त्यामागे व्यवहार होता. जात म्हणून माणसे पैसे देतात, आपल्या जातीच्या मुलांसाठी इमारत बांधतात, देखरेखीला आपल्यातला कार्यकर्ता देतात; आणि आईबापही जेवणाच्या शिवाशिवीची काळजी न करता मुलगा पाठवतात. या नमुन्याने कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ हे नाव मिळवून दिले आणि दक्षिण महाराष्ट्रातील बहुजन समाजाची पहिली शिकलेली पिढी घडवली. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या काळात दुसरे काय चालले असते, हे सांगणे अवघड आहे.

भाऊराव त्या नमुन्यातून स्वतः गेले होते आणि त्यातूनच बाहेर काढले गेले होते. साताऱ्यात त्यांनी सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह, एकच स्वयंपाक आणि एकच पंगत ठेवली. जातीच्या नावाने येणारी देणगी या निर्णयाने पहिल्याच दिवशी गमावली जात होती, कारण मराठा देणगीदाराला मराठा मुलांची, जैन देणगीदाराला जैन मुलांची यादी दाखवता येणार नव्हती. ज्यांच्या घरी सोवळे पाळले जाते असे पालक बिथरणार होते. शिवाय शहरात जागा भाड्याने देणारा घरमालक आत कोण राहते हे विचारणारच. आजही साताऱ्यात किंवा सांगलीत खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आडनाव विचारण्याची पद्धत संपलेली नाही, एवढे या ठिकाणी नमूद करून पुढे जातो.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या बोर्डिंगात आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात आणि सगळी कामे वाटून करतात हे पाहून त्यांनी या कामाची प्रशंसा केली. नावाच्या निवडीत एक बारीक गंमत आहे. ज्या राजाने जातवार वसतिगृहे उभी केली, त्याचे नाव जातवार नसलेल्या वसतिगृहाला दिले गेले. आणि ते देणाऱ्या भाऊरावांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण महाराजांचा मूळ हेतू त्यांना ठाऊक होता आणि काळ वीस-पंचवीस वर्षांनी पुढे सरकला होता.

खर्च, आणि तो कोणी केला

एकत्र चुलीचा खर्च चार वाटांनी भागवला गेला. पहिली वाट गावोगावच्या लोकांची. धान्य आणि अल्पस्वल्प रोख देणगी गोळा करत भाऊराव फिरत. ‘मुष्टिफंड’ हा त्यातला सर्वांत बोलका प्रकार: घरातल्या बाईने दळण काढताना मूठभर धान्य बाजूला टाकायचे आणि ते साठले की बोर्डिंगला द्यायचे. दुसरी वाट मोठ्या देणगीदारांची. ती अनिश्चित होती आणि अटी घेऊन येई. वसतिगृहाचे किंवा शाळेचे नाव बदलण्याच्या अटीवर आलेले पैसे भाऊरावांनी परत पाठवल्याच्या हकिकती सातारा जिल्ह्यात घरोघर सांगितल्या जातात.

तिसरी वाट मुलांच्या श्रमाची. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज इतके घासून गुळगुळीत झाले आहेत की त्यांचा मूळ अर्थ पुन्हा नीट मांडावा लागतो. हल्ली महाविद्यालयांत या नावाची योजना असते. पुणे विद्यापीठाची योजना तर भाऊरावांच्याच नावाने चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज काही तास काम करतो आणि तासाच्या दराने त्याला पैसे मिळतात. ही योजना चांगली आहे, तिच्यावर अनेकांची शिक्षणे झाली आहेत. परंतु शाहू बोर्डिंगातला प्रकार वेगळ्या जातीचा होता. तेथे मुलगा वसतिगृहासाठी काम करून मजुरी घेत नव्हता. वसतिगृह चालणे हेच मुलांचे काम होते. दळण, पाणी, सरपण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेती, बांधकाम हे सारे पाळीने मुलांनीच करायचे. सातारच्या आसपासच्या डोंगरउतारांची माती किती पातळ आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याला तिथली पडीक जमीन खणून भाजीपाल्याला आणणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

या पाळीमध्ये, माझ्या मते, या प्रकरणाचा गाभा आहे. पाणी कोणी भरायचे आणि भाकरी कोणी थापायची ही खेड्यात जातीने ठरलेली गोष्ट होती. भाऊरावांच्या लहानपणची एक हकिकत सांगतात, की अस्पृश्यांना पाणी मिळत नाही हे पाहून चिडलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला. रहाट मोडून पाणी मिळत नाही. ते मिळण्याची तजवीज पुढे बोर्डिंगाच्या पाळीने केली: आज ज्याची पाळी असेल त्याने आणलेले पाणी सगळे पितील, आणि उद्या दुसऱ्याची पाळी असेल. याबद्दल मुलांपुढे व्याख्यान देण्याची गरज राहत नव्हती. मुलगा सुट्टीत गावी गेल्यावर आईला काय सांगे आणि काय लपवून ठेवी, हा या प्रकरणातला मोठा मनोरंजक भाग असला पाहिजे.

श्रमाचा दुसरा परिणाम स्वाभिमानाचा. वार लावून जेवणाऱ्या मुलाला जेवण घालणाऱ्या घराचे उपकार जन्मभर वाहावे लागत. बोर्डिंगातल्या मुलाने जेवण कमावलेले होते आणि शिजवलेलेही होते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य भिंतीवर रंगवण्यापूर्वी तव्यावर भाजलेले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहाटे दळण आणि संध्याकाळी कुदळ, यांच्यामध्ये अभ्यासाला उरणारे तास शहरातल्या सुस्थित घरातल्या मुलाच्या तासांच्या बरोबरीचे कधीच नव्हते. आणि परीक्षा मात्र दोघांची एकच. श्रमाचे संस्कार गरिबाच्याच मुलाला का द्यायचे, हा प्रश्न ‘कमवा आणि शिका’च्या प्रत्येक आवृत्तीला विचारला पाहिजे. शाहू बोर्डिंगपुरते त्याचे उत्तर असे, की तेथे पर्याय श्रम की अभ्यास असा नव्हता. तो बोर्डिंग की गुरे, असा होता. आजच्या योजनांना हे उत्तर जसेच्या तसे वापरता येणार नाही.

वहिनी

चौथी वाट भाऊरावांच्या घरातून जात होती. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी. लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या सुस्थितीतल्या जैन घरातून आल्या होत्या. लग्नानंतर ज्या स्वयंपाकघराची जबाबदारी त्यांच्यावर आली, त्यात महार, मांग, मुसलमान, मराठा मुले एकत्र जेवत होती. हा बदल त्यांनी कसा पचवला याचे त्यांच्या स्वतःच्या शब्दांतले निवेदन आपल्या हाती असते तर या लेखाची सुरुवात तिथूनच झाली असती.

जे सर्वज्ञात आहे ते एवढे, की पैसा आटला तेव्हा त्यांचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या धान्यासाठी गेले आणि शेवटी, अण्णा बाहेरगावी असताना मुलांवर उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा, मंगळसूत्रही त्याच कामी गेले. नवरा जिवंत असताना गळ्यातून मंगळसूत्र उतरवणे हे त्या काळच्या बाईच्या दृष्टीने काय होते, हे सातारा-सांगलीकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी केली, घर सोडून आलेल्या लहान पोरांना सांभाळले. १९३० साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत बोर्डिंग सहा वर्षांचे झाले होते आणि पुढे प्रसिद्धीला आलेले जवळजवळ कोणतेही काम सुरू झालेले नव्हते.

मंगळसूत्राची गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगितली जाते, आणि ती नेहमी ‘त्याग’ या शब्दाखाली जाते. या शब्दाला माझी हरकत आहे. त्याग म्हटले की कृती एकदाच घडते आणि तिला हार घालून मोकळे होता येते. लक्ष्मीबाईंचे काम रोजचे होते. किती मुले आहेत, पीठ किती दिवस पुरेल, कोण तापाने फणफणला आहे, कोण घरी जायचे म्हणून रडतो आहे, याचा हिशेब ज्या व्यक्तीकडे असतो ती संस्थेची व्यवस्थापक असते. अण्णा महिन्यातले कित्येक दिवस धान्य आणि देणग्यांसाठी फिरतीवर असत. त्या दिवसांत बोर्डिंग कोण चालवत होते, असा प्रश्न विचारला की या प्रकरणातला संस्थापक हा शब्द अनेकवचनी होतो.

शिडीची पुढची पावले

यानंतरचा विस्तार झपाट्याचा आहे आणि तो येथे थोडक्यात पाहणे पुरे. १९३२ मध्ये, पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. म्हणजे साताऱ्याच्या पुढे शिकायला पुण्याला जाणाऱ्या मुलाला तिथेही चूल मिळाली. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू झाले. ते पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले गेले. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांना खेड्यांत पाठवून व्हॉलंटरी शाळांचे जाळे उभारले गेले, आणि त्या शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. संस्थेचे हे स्वतःचे हायस्कूल मोफत आणि निवासी होते आणि श्रमाच्या तत्त्वावर चालत होते. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आले.

या क्रमात एक तर्क आहे. बोर्डिंगातून मुलगा शिकून निघाला की त्याला काय करायचे, याचे उत्तर अध्यापक विद्यालयाने दिले: त्याला मास्तर करून परत गावाकडे पाठवायचे, म्हणजे पुढचा मुलगा बोर्डिंगापर्यंत येईल. शहरात आणलेल्या तरुणाला शहरातच रुजवून त्याची गावाशी असलेली नाळ तोडायची नाही, हा निर्णय त्यामागे होता. सर्वच परत गेले नाहीत, आणि जावेत अशी सक्तीही नव्हती. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखा बोर्डिंगात वाढलेला विद्यार्थी विलायतेला जाऊन आला, सातारच्या शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचला. पण एका बॅरिस्टरामागे ज्या असंख्य प्राथमिक शिक्षकांनी शिराळ्यापासून माणपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर आयुष्य काढले, त्यांच्या जोरावर पुढच्या वर्षीची पंगत भरत होती.

अनुदान बंद होते तेव्हा

स्वावलंबनाची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर लगेच झाली. गांधीहत्येनंतरच्या तापलेल्या काळात भाऊरावांच्या काही वक्तव्यांवरून मुंबई सरकार नाराज झाले आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान थांबवले. ज्या माणसाने गांधींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला, त्याच्यावर ही वेळ यावी, यातली विचित्रता तेव्हाही अनेकांना खटकली होती. भाऊराव पुन्हा गावोगाव निघाले. लोकांनी वर्गणी दिली, धान्य दिले. मुलांच्या हातातली कुदळ होतीच. गाडगे महाराजांनी खेरांशी बोलून भाऊरावांची बाजू मांडली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

या प्रसंगात जे टिकले ते पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयामुळे टिकले. ज्या वसतिगृहाचा पगारी आचारी सरकारी पैशावर जगतो, ते अनुदान थांबल्याच्या पुढच्या महिन्यात बंद पडते. जेथे स्वयंपाक मुले करतात, भाजी मुले पिकवतात आणि जोंधळा शेतकऱ्याच्या घरून येतो, तेथे ओढाताण होते, आमटी पातळ होते, पण चूल विझत नाही. अर्थात हे बोर्डिंगपुरते. पगारी शिक्षक असलेली हायस्कुले आणि कॉलेज मुष्टिफंडावर कायमची चालणार नव्हती, हे भाऊरावांनाही दिसत असणार. वाढलेली संस्था सरकारी अनुदानाशी बांधली गेली ती गेलीच. आज सातशेहून अधिक शाखा असलेल्या संस्थेत चुलीचे स्थान पूर्वीचे राहिलेले नाही, आणि राहावे अशी अपेक्षाही वाजवी नाही.

प्रश्न मात्र जागचा हललेला नाही, एवढे आजच्या साताऱ्यात सहज दिसते. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षेसाठी तालुक्यातून आलेला मुलगा अभ्यासिकेची फी कशीबशी भरतो. त्याला पेलत नाही ते कॉट बेसिसवरच्या खोलीचे भाडे आणि मेसचे बिल. महिनाअखेरीस एकच डबा दोघांत वाटून खाणारी मुले या शहरात आहेत. त्यांच्यासाठी मार्गदर्शनपर व्याख्याने मुबलक होतात.

उणीव

या प्रकरणात एक जागा बराच काळ मोकळी राहिली, ती मुलींची. १९२४ च्या बोर्डिंगात जातीची भिंत पाडली गेली, पण पंगतीला बसलेली सगळी पोरेच होती. मुष्टिफंडाची मूठ बाईची, दागिने बाईचे, स्वयंपाकघराचा भार बाईवर, आणि शिकणारा मुलगा. त्या काळात शेतकऱ्याच्या मुलीला शहरातल्या वसतिगृहात कोण पाठवणार होते, असे यावर म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परंतु महार आणि मराठा मुले एका ताटात जेवतील असेही त्या काळात कोणाला वाटत नव्हते, आणि ते भाऊरावांनी करून दाखवले होते.

स्त्री-शिक्षिका तयार करणारे जिजामाता अध्यापिका विद्यालय साताऱ्यात १९४२ मध्ये सुरू झाले. मुलींच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी त्याच्यापाठोपाठ आलीच. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.